‘किती टक्के शक्यता आहे?’ : द्राक्षपट्ट्यातली एक विद्यार्थिनी आणि अमेरिकेतली अतिनिवडक विद्यापीठं

पार्श्वभूमी

हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत.

सांगली जिल्ह्यातलं घर. वडील द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड सांभाळतात, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी २०२३ साली सेमी-इंग्रजीतून दहावी झाली, ९८ टक्क्यांच्या वर गुण. अकरावीला तालुक्याच्याच ज्युनियर कॉलेजात सायन्स. गणिताची ओढ मनापासूनची. क्लासचा धडा संपला की हिची वही सुरू व्हायची. अकरावीत तिने ऑलिम्पियाडची पहिली पायरी, म्हणजे आयओक्यूएम, ओलांडली, महाराष्ट्र-गोवा विभागातून आरएमओ ही विभागीय फेरी पार केली आणि जानेवारी २०२४ मध्ये आयएनएमओला, म्हणजे राष्ट्रीय फेरीला, बसली. त्यापुढच्या प्रशिक्षण शिबिरासाठी मात्र निवड झाली नाही. एसएटी या अमेरिकेतल्या पदवीप्रवेशाच्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात १६००पैकी १५३० गुण, त्यातले गणिताचे ७९०.

अकरावीची परीक्षा संपल्यावर हे कुटुंब परदेशी प्रवेशाबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे आलं. वडिलांच्या हातात दोन कागद होते. एक होता कुठल्याशा संकेतस्थळावरच्या ‘चान्स कॅल्क्युलेटर’चा प्रिंटआउट : हार्वर्ड ३४ टक्के, प्रिन्स्टन ३१ टक्के. दुसरं होतं एका सल्ला संस्थेचं माहितीपत्रक. त्यात ‘टॉप ३०मध्ये प्रवेश हमखास’ असं छापलेलं आणि खाली फीचे तीन हप्ते.

वडिलांचा प्रश्न सरळ होता. “सर, कट-ऑफ किती असतो तेवढं सांगा. कमी पडत असेल तर वर्षभरात भरून काढू.”

नेमका प्रश्न

आपल्याकडे प्रवेशाचा सगळा विचार कट-ऑफवर उभा आहे आणि तो चुकीचा नाही. जेईई ॲडव्हान्स्डचा क्रमांक हातात आला की आयआयटीच्या जागांचं वाटप करणाऱ्या जोसाच्या मागच्या वर्षीच्या याद्या उघडायच्या. आयआयटी मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स खुल्या गटात पहिल्या सत्तरच्या आत संपतं, हे कोणीही पाहू शकतं. सीईटी आणि कॅप राउंडचंही तेच. तिथे ‘शक्यता किती’ या प्रश्नाला बऱ्यापैकी नेमकं उत्तर असतं, कारण रांग एकच असते आणि तुमची जागा तुम्हाला माहीत असते.

अमेरिकेतल्या अतिनिवडक विद्यापीठांत अशी एक रांग नसते. प्रवेशपद्धतीवरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात जी आकडेवारी न्यायालयासमोर आली, तिच्यातला एक भाग मी वडिलांना वाचून दाखवला. २०१५ साली दाखल होणाऱ्या तुकडीसाठी अमेरिकेतूनच सुमारे २६,००० अर्ज आले होते. त्यांतल्या ८,०००हून अधिक जणांची शालेय गुणसरासरी पूर्णच्या पूर्ण होती आणि ३,४००च्या आसपास मुलांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते. निवड झाली २,०००हून कमी जणांची. म्हणजे गुण हे दार उघडायला लागतात, पण आत कोण जाणार हे गुणांवर ठरत नाही. वर्षभर अभ्यास करून १५३०चे १५७० केले असते, तरी तिच्या अर्जात फारसा फरक पडला नसता. वडिलांना हे पटायला वेळ लागला. मुलीला लगेच पटलं.

खरं तर त्या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले होते. प्रवेशाची शक्यता किती? प्रवेश मिळाला तर पैसे कुठून येणार? आणि काहीच मिळालं नाही तर पुढच्या ऑगस्टमध्ये ती कुठे असेल? दुसरा प्रश्न पहिल्याचं उत्तर बदलून टाकतो, हे घरात कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

शक्यतेची मांडणी

सुरुवात एमआयटीपासून केली, कारण तिथले आकडे उघड असतात. आदल्या वर्षी २८,२३२ अर्ज, १,२८४ निवडी. म्हणजे साडेचार टक्के. पण ही सगळ्यांची मिळून सरासरी. अमेरिकेबाहेरच्या अर्जदारांसाठी हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास येतं. त्या परदेशी अर्जदारांतही भारतातून येणारे अर्ज मोठ्या संख्येने, आणि त्यातले बरेच गणित, कॉम्प्युटर सायन्सकडे वळलेले. शिवाय हार्वर्डसारख्या ठिकाणी निवड झालेल्यांत खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, देणगीदारांच्या घरची मुलं असतात. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या मुलीला त्या जागा मोजणीतच धरता येत नाहीत.

मग तिच्या बाजूने काय? आयएनएमओपर्यंत पोचणं ही दखल घेण्यासारखी गोष्ट, पण एमआयटीकडे अर्ज करणाऱ्या भारतीय मुलांत त्यापुढच्या शिबिराला जाऊन आलेले आणि आंतरराष्ट्रीय पदकवालेही असतात. ग्रामीण भाग, सेमी-इंग्रजी, गावात गणिताचं मार्गदर्शन जवळपास नाही : अर्ज संदर्भासह वाचला गेला तर हे सगळं तिच्या बाजूने जातं. तो तसा वाचला जाईलच याची खात्री नाही. वाचणाऱ्याला तो संदर्भ कागदावर दिसला पाहिजे. दहावीच्या ९८ टक्क्यांनी तो दिसत नाही. त्याच २०२३ साली राज्यात १५१ मुलांना १०० टक्के मिळाले होते.

माझा अंदाज मी आकड्याऐवजी पट्ट्यात दिला. सर्वांत वरच्या प्रत्येक विद्यापीठात १ ते ३ टक्के. परदेशी मुलांना भरघोस आर्थिक मदत देणाऱ्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या कॉलेजांत, प्रत्येकी ५ ते १० टक्के. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएमआय, इथे लेखी परीक्षेवर ४० ते ६० टक्के. हा शेवटचा पट्टा सगळ्यांत भरवशाचा, कारण तिने आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवल्या होत्या आणि ती उत्तरं आमच्यासमोर होती.

वडिलांनी लगेच हिशेब केला. बारा ठिकाणी अर्ज करू, प्रत्येकी ५ टक्के, म्हणजे ६० टक्के झाले! मुलगीच म्हणाली, “बाबा, असं बेरजेनं नसतं.” तिने वहीवर करून दाखवलं : प्रत्येकी २ टक्के धरले आणि बाराही निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तरी एखाद्या ठिकाणी तरी होकार येण्याची शक्यता साडेएकवीस टक्केच निघते. आणि ते निर्णय स्वतंत्र नसतातच. अर्ज एकच, शिफारसपत्रं तीच, मदतीची गरज तीच. वडिलांनी ते त्यांच्या भाषेत नेमकं पकडलं : “म्हणजे एकाच शेडचा माल बारा व्यापाऱ्यांना दाखवल्यासारखं. रंग उतरला असेल तर बाराही जण तिथंच बोट ठेवणार.”

त्या दिवसानंतर टक्केवारीची चर्चा मागे पडली आणि यादीची सुरू झाली.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय पैशाचा. वर्षाचा एकूण खर्च ८० ते ९० हजार डॉलर, म्हणजे साधारण ७० लाख रुपये. घरची झेप वर्षाला चार लाख, फार तर पाच. म्हणजे जवळपास पूर्ण मदत मिळाली तरच जाणं शक्य. परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज निवडीच्या वेळी अजिबात न पाहणारी विद्यापीठं बोटांवर मोजण्याइतकी, उदाहरणार्थ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडिन, त्याच वर्षापासून ब्राऊनही. स्टॅनफर्ड, कॅलटेक यांच्यासह बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की ती गोष्ट निर्णयात धरली जाते.

इथे कोणीतरी वडिलांच्या कानावर घातलं होतं की मदत मागूच नका, प्रवेश झाला की बघू. हा सल्ला मला धोकादायक वाटतो आणि तो सर्रास दिला जातो. स्टॅनफर्डचा नियम स्पष्ट आहे : परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर चारही वर्षं ती मागता येत नाही. इतर अनेक ठिकाणीही असेच निर्बंध आहेत. म्हणजे प्रवेशपत्र हातात, आणि जाता येत नाही. शिवाय अर्जात आपल्या परिस्थितीबद्दल खोटं चित्र उभं करायचं, हे त्या मुलीला करायला लावणं मला मान्य नव्हतं. आईने विषय तिथेच संपवला : “जे आहे ते लिहायचं.”

केंब्रिजचा विचार झाला, पण पदवीसाठी परदेशी विद्यार्थ्याला पुरेल इतकी मदत मिळण्याची आशा धूसर होती. तो पर्याय लवकर बाजूला ठेवला.

दुसरा निर्णय ‘अर्ली डिसिजन’चा. एखाद्या कॉलेजला नोव्हेंबरमध्ये अर्ज करून ‘निवड झाली तर नक्की येईन’ असं बांधून घ्यायचं. कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं वार्षिक विवरण प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘सी’ विभागात या मार्गाने किती अर्ज आले आणि किती निवडले, ते दिलेलं असतं. आकडे मोहात पाडणारे असतात. पण खेळाडूंची भरती बरीचशी याच मार्गाने होते, त्यामुळे इतरांसाठीचा फायदा दिसतो त्यापेक्षा कमी असतो. तरीही फायदा असतो, हे नक्की. आम्ही तो घेऊ शकलो नाही, कारण आर्थिक कागद नोव्हेंबरपर्यंत तयार झाले नाहीत.

तिसरा निर्णय सगळ्यांत नाजूक : अर्जात स्वतःला मांडायचं कसं. सल्ला संस्थेने तिला एक ‘सामाजिक प्रकल्प’ सुरू करायला सांगितलं होतं, नाव आणि बोधचिन्हासकट. तिच्याकडे मात्र एक वही होती. दोन हंगाम तिने शेडमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवली होती. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षं रॅकवर पसरली की वरच्या जाळीवरची आधी वाळतात की मधल्या, पश्चिमेच्या कडेला किती दिवसांचा फरक पडतो, कोणत्या दिवशी माल उतरवायचा. तिने त्यातून एक साधं सूत्र बसवलं होतं आणि ते दुसऱ्या हंगामात कुठे चुकलं तेही लिहिलं होतं. ही वही अर्जात घालण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नव्हतं. “हे घरचं काम आहे, सर.”

काय केलं

दहा ठिकाणी अर्ज करायचं ठरलं. पाच वरच्या पट्ट्यातली, पाच छोटी कॉलेजं, ज्यांत ग्रिनेल आणि मॅकॅलेस्टरसारखी परदेशी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं मदत देणारी कॉलेजं होती. सोबत सीएमआय आणि आयएसआय, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, यांच्या प्रवेश परीक्षा. जेईईची तयारी तिने स्वतःहून सोडली. तिला इंजिनिअरिंग नकोच होतं, आणि हे घरात मोठ्याने बोललं जायला हे सगळं निमित्त झालं.

बेदाण्याची वही मुख्य निबंधात आली. तिने पहिला मसुदा मराठीत लिहिला, मग इंग्रजीत. ६५० शब्दांत तिने चुकलेल्या सूत्राला जवळजवळ निम्मी जागा दिली. मी ती कमी करायला सांगितलं नाही.

ज्युनियर कॉलेजकडून येणाऱ्या कागदांवर सगळ्यांत जास्त मेहनत गेली, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची तीच. अमेरिकेतल्या शाळा अर्जासोबत स्वतःची ओळख करून देणारं पत्रक पाठवतात. या कॉलेजात असं पत्रक कधी बनलंच नव्हतं. प्राचार्यांनी मनावर घेतलं. राज्य मंडळाची परीक्षापद्धत, वर्गातली पटसंख्या, अकरावी-बारावीला वरच्या पातळीचं गणित निवडायची सोयच नसणं, आजवर या कॉलेजातून परदेशी पदवीसाठी कोणी अर्ज केलेला नसणं, असं दोन पानांत लिहून निघालं. गणिताच्या सरांनी शिफारसपत्रात आधी तीन ओळी लिहिल्या होत्या : हुशार, आज्ञाधारक, शिस्तप्रिय. त्यांच्यासमोर बसून एवढंच विचारलं की हिचा एखादा प्रसंग आठवतो का. सर म्हणाले, “पाठ्यपुस्तकाच्या मागचं एक उत्तर चुकलेलं होतं. मी वर्गात पुस्तकाप्रमाणेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी हिनं दोन पानं लिहून आणली आणि तास संपल्यावर दिली, वर्गात नाही.” ते त्यांनी मराठीत लिहिलं, इंग्रजीच्या मॅडमनी भाषांतर केलं. मी त्यात शब्द घातला नाही.

राहिले आर्थिक कागद. ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाच्या फॉर्ममध्ये कुटुंबाचं उत्पन्न, जमीन, कर्ज सगळं भरायचं असतं. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्रावरून आईचा पगार तेवढा दिसतो. बागेची जमीन मात्र बाजारभावाने मोठी मालमत्ता दिसते. कॉलेजला हे कसं समजणार? सातबारा, सोसायटीच्या कर्जाचा दाखला, बेदाणा सौद्याच्या पट्ट्या (म्हणजे विक्रीच्या पावत्या), औषध-खतांची बिलं, सगळं गोळा करून एका पानाचं टिपण जोडलं : एकरी खर्च किती, हाती किती राहतं, आणि ही जमीन विकली तर उत्पन्नाचं साधनच उरत नाही. सौद्याच्या जुन्या पट्ट्या शोधण्यातच दिवाळी गेली.

निकाल

मार्चअखेर उत्तरं आली. वरच्या पाचही ठिकाणांहून नकार. छोट्या कॉलेजांपैकी तीन नकार, एक प्रतीक्षायादी, एक होकार.

होकार आला त्या कॉलेजने कुटुंबाचा वाटा वर्षाला ११,००० डॉलर ठरवला होता, म्हणजे नऊ लाखांच्या पुढे. घरात दोन दिवस कोणी फारसं बोललं नाही, असं आईने नंतर सांगितलं. अशा वेळी फेरविचाराची विनंती करता येते आणि करावी. आदल्या वर्षीच्या अवकाळीचा पंचनामा पहिल्या फॉर्ममध्ये जोडायचा राहिला होता. तो भाषांतरासह पाठवला. कॉलेजने वाटा ६,५०० डॉलरवर आणला. कॅम्पसवरचं काम आणि छोटं कर्ज धरून हे ओढूनताणून बसत होतं.

पेच तारखांचा होता. कॉलेजला १ मेपर्यंत उत्तर हवं होतं आणि सीएमआयची परीक्षा त्यानंतर. तिने कॉलेजला होकार कळवला आणि तरीही सीएमआयची परीक्षा दिली, कारण व्हिसा कोणाच्याच हातात नव्हता. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. मेच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकी सरकारने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं, ते थेट १८ जूनला पुन्हा सुरू करायचं ठरलं. मधल्या काळात सीएमआयचा निकाल आला. निवड झाली होती. ते आठवडे त्या घराने शांतपणे काढले, कारण दोन्हींपैकी काहीही झालं तरी मुलगी ऑगस्टमध्ये गणितच शिकणार होती. व्हिसा हाती आला त्याच दिवशी तिने सीएमआयला जागा सोडत असल्याचं कळवलं, म्हणजे यादीतल्या पुढच्या मुलाला ती वेळेत मिळेल.

काय वेगळं करता आलं असतं

दहापैकी एक होकार आला म्हणून आमचा अंदाज बरोबर होता असं म्हणता येत नाही. तोही आला नसता, तर चूक होता असंही म्हणता आलं नसतं. एका विद्यार्थिनीच्या एका वर्षावरून ५ टक्के की १० टक्के हे तपासता येत नाही. तपासता येते ती यादी : प्रत्येक शेवटात तिच्यासाठी चांगली जागा होती का? होती. वरच्या पट्ट्यातली पाच ठिकाणं तीनवर आणून तो वेळ आणखी दोन छोट्या कॉलेजांच्या पूरक निबंधांना दिला असता, तर यादी जास्त मजबूत झाली असती, असं मला वाटतं. वडिलांना हार्वर्डचं नाव यादीत हवं होतं आणि मुलीची त्याला हरकत नव्हती. घराची हौस म्हणून एक अर्ज ठेवणं मी गैर मानत नाही.

मोठा फरक पडला असता तो आर्थिक कागदांमुळे. ते जून-जुलैतच तयार असते, तर मदत देणाऱ्या एखाद्या कॉलेजला अर्ली डिसिजनने अर्ज करता आला असता, पुरेशी मदत न मिळाल्यास त्या बंधनातून बाहेर पडायची सोय ठेवून. पंचनामाही पहिल्या फॉर्मसोबतच गेला असता. एसएटी दुसऱ्यांदा द्यायची की नाही यावर घरात जितकी चर्चा झाली, तितकी सौद्याच्या पट्ट्यांवर झाली असती तर बरं झालं असतं.

सल्ला संस्थेचं माहितीपत्रक कुटुंबाने नाकारलं, पण ते घेणारी घरं याच तालुक्यात आहेत. ज्या ठिकाणी शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक अर्जांना नकार जातो, तिथली हमी कोणीही देऊ शकत नाही. असा कागद पुढे आला तर पालकांनी एकच विचारावं : मागच्या वर्षी तुमच्याकडे किती मुलं आली, त्यांतल्या किती जणांनी मदत मागितली होती, आणि मदतीसह किती गेली?

मदतीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म आता समोर आहे आणि या हंगामाच्या पट्ट्या वडिलांनी सौदा झाल्या दिवशीच फोटो काढून मुलीला पाठवायला सुरुवात केली आहे.